मळीचा चहा

आमचे घरमालक गच्चीवर येणाऱ्या प्रत्येकाला आधी झाडांची ओळख करून देत. मग तो गॅस सिलिंडरवाला असो की त्यांचा स्वतःचा जावई. "बसा" म्हणायच्या आधी त्यांचा हात कुंड्यांकडे जायचा. "ही मिरची, हिला आंबट ताक लागतं. हे वांगं, जरा आळशी आहे. हा कढीपत्ता. हा काकूंचा, माझं ऐकत नाही." सिलिंडरवाला पावती पुढे करून म्हणायचा, "अंकल, सही." काका म्हणायचे, "ऊभो रहे भाई, दोडकं राहिलं."

झाडांचं काम करताना ते कारखान्यातला जुना पांढरा कोट घालत. तो नावालाच पांढरा राहिला होता. खिशांपाशी तपकिरी झालेला, आणि त्याला गुळासारखा पण जरा जळका वास यायचा. कोटाखाली हाफ पँट. गल्लीतल्या गुजराती बायका त्यांना 'डॉक्टर' म्हणत. त्यात थट्टा किती आणि आदर किती, हे मला कधी नीट कळलं नाही.

सुरतेत, गोडादऱ्यात त्यांच्या घराचा खालचा मजला आम्ही भाड्यानं घेतला होता. काका-काकू वर, गच्चीला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहत. पप्पा कापडाच्या मिलमध्ये लूमवर होते, आई घरीच साड्यांवर टिकल्या चिकटवायची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे माझ्या पुस्तकांना सगळे जपून हात लावत, आणि या पुस्तकांचं पुढे होणार काय, अशी शंकाही तितक्याच जपून घेत. मी मायक्रोबायॉलॉजी घेतलं होतं. नातेवाइकांनी विचारलं की आई सांगायची, "जंतूंचं शिकते." त्यानंतर कोणी पुढचा प्रश्न विचारत नसे.

खोली बघायला आलो तेव्हा काकांनी पप्पांना कुठे काम करता, गाव कुठलं, यातलं काही विचारलं नाही. त्यांनी आईला विचारलं, "तुमच्याकडे भाजी जास्त होते की डाळ?"

आई गोंधळली. "दोन्ही होतं."

"सालं फेकायची नाहीत. कांद्याची वेगळी, बाकीची वेगळी. तांदळाचं धुवण बादलीत. चहाचा चोथा धुऊन द्यायचा, साखर नको त्यात."

जिना उतरताना आई हळूच पप्पांना अहिराणीत म्हणाली, "ह्या म्हातारानं डोकं फिरेल शे." पण खोलीला खिडकी होती आणि पाणी दोन्ही वेळेला यायचं. आम्ही राहिलो. आई रोज सकाळी दोन डबे वर नेऊन द्यायची आणि काकूंना म्हणायची, "काकू, यांनी भाडेकरू ठेवलेत का म्हशी?" काकू म्हणायच्या, "म्हशी ठेवल्या असत्या तर दूध तरी मिळालं असतं."

काकांचा जन्म धुळ्याकडचा, पण सगळी नोकरी दक्षिण गुजरातेतल्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये झाली. उसाच्या रसातून साखर काढून काढून शेवटी जो काळा, घट्ट पाक उरतो, ती मळी. तिच्यातही साखर असते, पण ती आता दाणा धरत नाही. ती किती उरली हे रोज मोजायचं आणि ती कमी कशी करता येईल हे बघायचं, हेच त्यांचं काम. "मळी म्हणजे आमची हार," ते म्हणायचे. "प्रत्येक हंगामात आम्ही हरायचो. फक्त कितीनं हरलो, ते सांगायला मला ठेवलं होतं." निवृत्त झाल्यावर त्यांना कारखान्याची दुसरी कसलीच आठवण येत नसे, पण ती मळी डोक्यातून जाईना. टँकर भरून गेट ओलांडून ती कुठे कुठे जायची, आणि इतक्या वर्षांत आपण तिचं काही चांगलं झालेलं बघितलं नाही, असं त्यांना वाटायचं.

मग पर्वत पाटियापलीकडच्या एका पशुखाद्याच्या दुकानातून ते मळीचा कॅन आणायला लागले. ढोरांच्या खाद्यात मिसळायची मळी. काका ती बोटावर घेऊन आधी चाखायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "यांच्या लॅबमधला माणूस झोपा काढतो. केवढी साखर सोडली आहे!" मग चमचाभर मळी बादलीभर पाण्यात ढवळून कुंड्यांना. सोबतीला शेणाचं पाणी, निंबोळी पेंड, एरंडीची पेंड, केळ्याची सालं, आंबट ताक.

मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी मला असं समजावलं. "हे झाडाचं जेवण नाही. जेवण म्हणजे पेंड, शेण. पण ते शिजवून वाढणारे मातीत असतात, तुझे ते जंतू. त्यांना मळी. जेवण नाही गं, हा त्यांचा चहा. तुझ्या पप्पांना विचार, लूमवर चहा आला नाही तर कारीगर काय करतो."

पप्पांना विचारलं. ते म्हणाले, "शिव्या देतो."

"बघ," काका म्हणाले. "माती शिव्या देत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही."

मी ही गोष्ट कॉलेजात सांगितली. जरा घाबरतच. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, आण त्या कुंडीतली माती. मळीच्या कुंडीतली आणि बिनमळीच्या कुंडीतली माती दोन बाटल्यांत घालून मी नेली. त्यांनी मला ती जंतू वाढवायच्या प्लेटवर पसरू दिली. दोन दिवसांनी मळीवाली प्लेट जंतूंच्या ठिपक्यांनी इतकी भरून गेली होती की मोजायला जागा नव्हती. मी फोनवर फोटो काढून काकांना दाखवला. त्यांनी तो काकूंना दाखवला, माझ्या आईला दाखवला, आणि मग सिलिंडरवाल्याला. "देख, आ बधा आपणा मजूर." हे सगळे आपले मजूर.

पण मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली होती आणि ती काकांना सांगायला मला बरेच दिवस धीर होईना. काकांचं ठाम मत होतं की मळीमुळे टोमॅटो गोड होतो. खायला देताना ते तसं सांगूनच देत. एक दिवस ते बादली ढवळत असताना मी म्हटलं, "काका, मुळं साखर अशी ओढून घेत नाहीत म्हणे. झाडातली साखर पानंच करतात. मळी ती जंतूंनाच."

काकांची काठी थांबली. "म्हणजे टोमॅटो गोड होत नाही?"

"मला माहीत नाही. मॅडम म्हणाल्या."

"तुलाही माहीत नाही, मलाही नाही. मग भांडायचं कशाला? लावू दोन."

एकाच दिवशी, एकाच वाफ्यातली दोन रोपं. एकाला चहा, एकाला नुसतं पाणी. बाकी पेंड-शेण दोघांना सारखं. टोमॅटो पिकले तेव्हा गच्चीवर परीक्षा झाली. काकू, आई आणि सुट्टी असलेले पप्पा, तिघांनाही डोळे मिटून खायला सांगितलं. पप्पांना इतका संकोच वाटला की त्यांनी फोड न चावताच गिळली. आईनं बिनमळीचा गोड म्हणून सांगितला. काकू म्हणाल्या, "दोन्ही आंबट. बाजारातून आणा."

मला वाटलं काका रागावतील. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून ओळख करून देताना ते त्या झाडापाशी थांबून सांगायचे, "हा टोमॅटो. यानं मला खोटं पाडलं." मळी मात्र त्यांनी बंद केली नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, "चहामुळे कापड गोड निघतं असं कोण म्हणतो? पण चहा बंद करून बघ."

त्यांचा एक नियम होता. आपल्या मातीत आपणहून जे उगवेल ते फूल येईपर्यंत उपटायचं नाही. तण असलं तरी. "फुलाआधी निकाल लावायचा नाही," असं ते म्हणत. त्यामुळे गच्चीवर जी झाडं लावलेली होती, त्यांच्यापेक्षा न लावलेली जास्त. काकू कपडे वाळत घालताना कुठल्याशा काटेरी रोपाला पदर अडकला की ओरडायच्या, "हे तुमचे पाहुणे मला साडी नेसू देत नाहीत!"

गल्लीच्या तोंडाशी महादेवाचं मंदिर आहे. तिथलं निर्माल्य काका दर सोमवारी पिशवी घेऊन आणत आणि खताच्या ड्रममध्ये टाकत. महाशिवरात्रीनंतर निर्माल्य भरपूर आलं. ते खत कुंड्यांत गेलं, आणि एका कोपऱ्यात दोन रोपं उगवली. हाताच्या बोटांसारखी पसरलेली, कातरलेली पानं. काकांनी नियमाप्रमाणे दोन्ही रोपं मोठ्या कुंड्यांत हलवली. ती भराभर वाढली.

पप्पा पाण्याची मोटर बघायला वर गेले तेव्हा त्यांनी ती पाहिली. "काका, हा तर गांजा."

"गांजा फुलाचा होतो. ही अजून नुसती पानं. फार तर भांग म्हणा. महादेवाकडून आली आहे."

काकू आतून म्हणाल्या, "मग जामीन राहायलाही महादेवालाच बोलवा."

इथे एक सांगायला हवं. काका सुपारीसुद्धा खात नसत. त्या झाडाची नशा त्यांना नको होती. त्यांना हवं होतं ते वेगळंच. फोनवर झाडांचे व्हिडिओ बघता बघता त्यांना परदेशातला एक दाढीवाला माणूस सापडला होता. तो घरात हेच झाड लावून त्याला बादलीतून मळी पाजत होता. काकांनी मला हाक मारून वर बोलावलं. "अगं ये लवकर! साता समुद्रापलीकडे हा माणूस मळी ढवळतोय. काय म्हणतो, सांग."

मी ऐकून सांगितलं, "म्हणतो, फुलं यायला लागली की मळी द्यायची. फुलं वजनदार होतात आणि गोड होतात."

"गोड?" काकांचा चेहरा उजळला. "हाही फसलाय बिचारा! टोमॅटोसारखाच. याला कळवायला पाहिजे."

पण कळवायचं तर आपण बघितलेलं पाहिजे. दोन रोपं होतीच. एकाला चहा, एकाला पाणी. फूल येईल गणपतीच्या आसपास, तेव्हा उत्तर मिळेल. मी घरी येऊन फोनवर कायदा वाचला. पान असो की फूल, हे झाड घरी लावणं हाच गुन्हा. मी ते काकांना सांगितलं. ते म्हणाले, "मी कुठे लावलंय?" मग स्वतःलाच ते पटलं नसावं, कारण त्यांनी दोन्ही कुंड्या टाकीच्या आडोशाला सरकवल्या. मी पुढे काही बोलले नाही. प्रॅक्टिकलच्या वहीत प्रयोगाचं उत्तर आधीच छापलेलं असतं. या प्रयोगाचं उत्तर कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते मलाही बघायचं होतं.

मे महिन्यात काका-काकू नातीच्या बारशाला वडोदऱ्याला गेले. जायच्या आधी काकांनी, परत आल्याबरोबर हाताशी असावं म्हणून, ड्रमभर मळीचं पाणी कालवून ठेवलं. त्यात दही घातलं. माश्या बसू नयेत म्हणून झाकण लावून वरून सायकलची ट्यूब घट्ट बांधली. मळी आंबू नये म्हणून ज्यानं जन्मभर पहारा दिला, त्या माणसानं सुरतेच्या उन्हात, पत्र्याखाली, ती स्वतःच्या हातानं आंबत ठेवली.

ते परत आले त्याच दुपारी झाकण उडालं. आवाज असा झाला की समोरच्या घरातल्या बायका बाहेर आल्या. आणि मग वास. गुजरातेत दारूबंदी आहे, त्यामुळे दारूचा वास सगळ्यांना ओळखता येतो. संध्याकाळपर्यंत 'डॉक्टर अगाशीवर भट्टी लावतात' हे गल्लीच्या टोकापर्यंत पोचलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक हवालदार आला. जाड, घामाघूम झालेला, जिन्यावर प्रत्येक वळणाला थांबणारा. पप्पा रातपाळी करून नुकतेच आले होते. ते त्याच्यामागे जिना चढले आणि दारातच उभे राहिले. आई आणि मी त्यांच्या मागे.

"काका, दारूनी वास आवे छे," हवालदार म्हणाला.

"आवे ज ने!" काका उत्साहानं म्हणाले. "साखर, पाणी आणि ऊन. बीजुं शुं थाय, दारूच होणार! माझीच चूक. या, दाखवतो."

त्यांनी त्याला ड्रम दाखवला. मळी बोटावर घेऊन चाखायला सांगितली. हवालदारानं नाही म्हटलं. मग कोट झटकून काका कुंड्यांकडे वळले. त्यांना सवय होती. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. "आ मरचां. आ रींगणां. आ टमेटा, एणे मने खोटो पाड्यो." हवालदार मागे मागे. एकेक कुंडी मागे पडत होती आणि टाकी जवळ येत होती. काकू कपड्यांच्या दोरीपाशी हातात पिळलेला टॉवेल धरून उभ्या होत्या, तो वाळत घालायचं त्यांना सुचत नव्हतं.

दोन्ही झाडं आता कमरेएवढी झाली होती. काका त्यांच्यासमोर आले आणि थांबले. त्यांनी तोंड उघडलं, मग दाराकडे बघितलं, आम्ही उभे होतो तिकडे. आणि तोंड मिटलं.

"अने आ?" हवालदारानं विचारलं.

"आ," काका म्हणाले, "मेहमान छे."

हवालदार त्या पानांकडे बघत राहिला. रुमालानं मान पुसली. "मेहमानने बहु दहाडा न रखाय, काका," तो शांतपणे म्हणाला. पाहुण्याला फार दिवस ठेवू नका. मग आवाज चढवून, गल्लीलाही ऐकू जाईल असं, ड्रम आजच्या आज ओतून टाकायला सांगितलं आणि कठड्याला धरत खाली गेला.

पप्पा खोलीत येऊन कॉटवर बसले. त्यांनी चप्पलही काढली नव्हती. "बमरोलीले जाऊत," ते म्हणाले. बमरोलीत मावशीच्या शेजारी खोली रिकामी होती, मिलच्या जवळ. ते बोलणं आधीपासून चालू होतं. "भाड्याच्या कागदावर माझं नाव आहे. उद्या दुसरा हवालदार आला तर तो असा बोलून जाणार नाही."

आई म्हणाली, "हिचं कॉलेज?"

पप्पा जमिनीकडे बघत म्हणाले, "तिकडून लांब पडेल. दोन वर्षं झाली. पुष्कळ शिकली."

ते रागानं बोलले असते तर मी भांडले असते. पण त्यांना वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटत असलेल्या पप्पांशी कसं भांडायचं ते मला येत नाही. रविवारसाठी टेम्पो सांगितला. आईनं काकूंना वर जाऊन सांगितलं. काकूंनी काकांना काय सांगितलं ते मला माहीत नाही.

शुक्रवारी सकाळी काकांनी पप्पांना वर बोलावलं. मीही गेले. काकांनी कोट घातला होता. त्यांनी दोन्ही कुंड्या उन्हात ओढून आणल्या होत्या. मुळं तुटू नयेत म्हणून पाणी घालून माती सैल केली होती. आमच्यासमोर त्यांनी आधी एक झाड हळूहळू वर ओढलं, मग दुसरं. कोंबात फुलाचा पत्ता नव्हता. काकू दारात उभ्या होत्या. त्या माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "बघ. माझ्यासाठी या माणसानं कधी एक तण उपटलं नाही."

काकांनी खोडं आणि पानं कापून खताच्या ड्रममध्ये तळाशी घातली, वरून शेण टाकलं. पण मुळं ठेवली. बादलीत धुतली आणि ओल्या गोणपाटावर शेजारी शेजारी पसरली. "फुलाचं राहिलं," ते मला म्हणाले. "मुळांचं तरी बघू. ये."

मी गोणपाटापाशी बसले. डावीकडच्या मुळांना बारीक पांढरे तंतू जास्त होते. डावं मळीचं. निदान मला तसं दिसलं. काकांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं. "दिसतंय खरं. पण दोनच झाडं होती. यावरून काही म्हणता येणार नाही."

पप्पांना वाटलं होतं, भाड्याचं, टेम्पोचं बोलायला बोलावलंय. ते आमच्या मागे उभे होते. मला वाटलं ते आता म्हणतील, चला. ते थोडे वाकले आणि म्हणाले, "मग किती लागतात?"

काकांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, दोनातलं एक जन्मतःच अशक्त असू शकतं. एकाला टाकीची सावली जास्त मिळाली असेल. म्हणून पुष्कळ घ्यायची, सारखी घ्यायची, अर्ध्यांना द्यायचं, अर्ध्यांना नाही, आणि कुणाला काय दिलं हे मोजणाऱ्याला सांगायचं नाही. मी बोलत गेले. पप्पांशी मी अभ्यासाबद्दल इतकं कधीच बोलले नव्हते, कारण त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि मलाही वाटायचं, त्यांना काय सांगणार.

पप्पा उकिडवे बसले. एक तंतू त्यांनी दोन बोटांत धरून बघितला. "म्हणजे एका लूमवर कापड खराब आलं म्हणून सूत खराब म्हणायचं नाही."

"हो."

"हे शिकवतात तुम्हाला?"

"हो."

"आणि तिसऱ्या वर्षाला?"

"याच्या पुढचं," मी म्हटलं.

पप्पा खाली गेले आणि झोपले. त्यांची रातपाळी होती.

रविवारी आई सकाळपासून भांडी पोत्यात भरून दाराशी बसली होती. टेम्पो आला नाही. पप्पांनी त्याला नको म्हणून कधी कळवलं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. दुपारी जेवायच्या वेळेला आईनं पोत्याचं तोंड सोडलं आणि पातेली एकेक करून पुन्हा फळीवर लावायला घेतली.